प्रतिसाद: खरेपणा फक्त चित्रात नसतो

4के, म्हणजे अगदी बारीक तपशिलाचं चित्र, नसेल तर गेम खरा वाटणारच नाही, हे वरचं मत मला अजिबात पटलं नाही. 2006 साली आलेल्या निन्टेन्डो वी या गेम कन्सोलचं चित्र जेमतेम 480 ओळींचं होतं. त्याच काळातले प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 हे कन्सोल एचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचे होते. तरी वी 10 कोटींच्या वर खपला, त्या दोघांपैकी प्रत्येकापेक्षा जास्त. कारण रिमोट धरलेला हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरायची!

गेल्या आठवड्यात फोंड्याला बहिणीकडे होतो. कौलांवर पाऊस धो धो कोसळत होता आणि भाचा ग्रान टुरिस्मो 7 हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होता. त्यातही पाऊस पडून गेलेला. गाड्या जिथून सतत जातात तेवढाच रस्त्याचा पट्टा आधी सुकत होता, बाकी सगळं ओलं. चाक ओल्यात गेलं की गाडी घसरायची. अगदी बोरी पुलाकडच्या रस्त्यावर सर ओसरल्यानंतर दिसतं तसंच. मी बघतच राहिलो. याला मी खरेपणा म्हणतो.

दुसरं म्हणजे वेग. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर एक चित्र 33 मिलिसेकंद टिकतं, 60 असतील तर साधारण 17. बटण दाबल्यावर हा फरक बोटांना कळतो. निवड करायची वेळ आली तर मी डोळे झाकून 60 घेईन, चित्र थोडं पुसट झालं तरी चालेल.

आणि कन्सोल घेणार असाल तर डिस्क घालता येते असाच घ्या. खेळून झालेल्या गेमची डिस्क मित्राला देता येते, विकताही येते.