मदत हवी आहे: इनडिझाइनच्या डेटा मर्जमध्ये डेटा फाइल आणि फोटो 'मिसिंग'

राम राम मंडळी. अमळनेरला आमचं जॉब प्रिंटिंगचं दुकान आहे. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेची ओळखपत्रं छापायची आहेत. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडतात, तोवर कार्डं मुलांच्या गळ्यात पडायला हवीत.

जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेला कार्डाचा नमुना, त्यात डेटा मर्जने आपोआप भरायची मुलांची यादी म्हणजे एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही फाइल आणि फोटोंचं फोल्डर नव्या मशीनवर आणलं. नमुना उघडतो, पण डेटा सोर्स, म्हणजे ती यादीची फाइल, सापडत नाही म्हणतो. सीएसव्ही तर डोळ्यांसमोर पडली आहे! फोटोच्या रकान्यात जुन्या 'डी' ड्राइव्हचा पत्ता होता आणि इथे 'डी' ड्राइव्हच नाही. तो बदलून 'ई' केला. आता बरेच फोटो आले, काही अजून मिसिंग आहेत. त्यात पाटील जास्त, हे विशेष. शिवाय मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कोणी वाट दाखवेल का?

प्रतिसाद (भुसावळहून)

भाऊ, नमुन्यात डेटा फाइलचा पूर्ण पत्ता साठवलेला असतो. डेटा मर्ज पॅनलच्या मेनूतून 'सिलेक्ट डेटा सोर्स' करून नवी फाइल दाखवा. रकान्यांची नावं मात्र होती तशीच ठेवा, स्पेससुद्धा बदलू नका. फोटो आणि डेटा फाइल एकाच फोल्डरात ठेवली तर पत्ता लिहायचीच गरज नाही, फक्त फाइलचं नाव पुरतं. मग ड्राइव्ह बदलला तरी अडत नाही.

प्रश्नचिन्हांचं कारण सीएसव्ही. साध्या सीएसव्हीत देवनागरी टिकत नाही. एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून सेव्ह करा आणि जोडताना इम्पोर्ट ऑप्शन्समध्ये टॅब व युनिकोड निवडा. फोटोच्या रकान्याच्या शीर्षकाला @ लागतो. एक्सेल तो सूत्र समजून अडवतं, म्हणून टाइप करताना त्याच्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्या.

आता पाटलांचं. आपल्याकडे एका वर्गात एकाच नावाचे दोन-तीन पाटील सहज निघतात. फोटो नावाने सेव्ह केले असतील तर कॉपी करताना विंडोज दुसऱ्याच्या नावापुढे कंसात आकडा लावतं आणि यादीतलं नाव जुळत नाही. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचा टिंबानंतरचा भाग) दिसतील असं करून तेही बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो बऱ्याचदा जेपीईजी असतात, यादीत जेपीजी लिहिलेलं असतं.

धागाकर्ता

धन्यवाद भाऊ! युनिकोड टेक्स्ट केल्याबरोबर नावं स्वच्छ आली. फोटोंमध्ये खरंच कंसातले आकडे निघाले. त्यांची नावं बदलून यादीशी जुळवू का?

प्रतिसाद (भुसावळहून)

नका. कंसातला पाटील कोणता, हे तुम्ही कशावरून ठरवणार? फोटो मिसिंग असला तर सॉफ्टवेअर सांगतं, चुकीचा लागला तर सांगत नाही. एका लेकराच्या कार्डावर दुसऱ्याचा चेहरा गेला तर ते कार्ड कामाचं राहत नाही. शाळेकडून प्रत्येक मुलाचा जनरल रजिस्टर नंबर (शाळेच्या नोंदवहीतला) मागवा आणि फोटोला तोच नंबर द्या. नंबर शून्याने सुरू होत असेल तर एक्सेलचा तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर शून्य उडतं. मर्ज झाल्यावर पीडीएफ काढून वर्गशिक्षकांकडून तपासून घ्या, मगच छपाईच्या प्लेटला लावा.