मदत हवी आहे: क्यूसी मॅनेजर प्रत्येक कामात मधे येतात, सेक्शन चालवायचं कसं?

नमस्कार. मी वाळूज एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला (क्यूसी) आहे, एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सेक्शन माझ्याकडे आहे. हाताखाली अ‍ॅनालिस्ट मुलं-मुली, बहुतेक एमएस्सी केमिस्ट्री नाहीतर बीफार्म करून आलेली, कामाला चांगली. माझ्या वर क्यूसी मॅनेजर. प्रश्न त्यांच्याबद्दल आहे. कंपनीचं नाव कृपया विचारू नका.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण दुसऱ्या क्षेत्रातल्यांचा इथे गैरसमज होऊ शकतो. आमच्याकडे तपासणी हा कामाचाच भाग आहे. एकाने वजन घेतलं की दुसरा बघून सही करतो. क्रोमॅटोग्राम (त्या यंत्राचे आलेख) निघाले की रिव्ह्यूअर ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी काय केलं याची संगणकातली नोंद, उघडून बघतो. अमेरिकेला माल जातो म्हटल्यावर २१ सीएफआर पार्ट ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा तिथला नियम) आलाच, तो १९९७ पासून लागू आहे. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनं शेड्यूल एम (औषध उत्पादनाचे नियम) सुधारलं. कोणी काय केलं, कधी केलं, हे त्याच वेळी त्याच माणसाने नोंदवायचं. त्यामुळे वरिष्ठ माझं काम तपासतात ही माझी तक्रारच नाही. नीट रिव्ह्यू करणारा माणूस असला की मी घरी गेल्यावर निश्चिंत झोपते. गोळी कोणाच्या तरी आजारी आई-वडिलांच्या पोटात जाणार असते.

माझी अडचण अशी की सर काम पूर्ण होऊच देत नाहीत, चालू असतानाच मधे पडतात.

परवाचंच सांगते. एक मुलगी वर्किंग स्टँडर्डचं (ज्याच्याशी सॅम्पलची तुलना करतात त्या प्रमाणित पदार्थाचं) वजन घेत होती. पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास घ्यायचं होतं, बॅलन्सवर ५०.२३ स्थिर झालं. एकदम व्यवस्थित. जे वजन आलं तेच हिशोबात धरतात, त्यामुळे वरच्या पॉइंटांनी काही बिघडत नाही. सर मागे उभे होते. म्हणाले, "५०.२३ कशाला? बरोबर पन्नास कर." आता हे मटेरियल हवेतला ओलावा ओढतं. तिने दार उघडलं, स्पॅट्युलाने कणभर काढलं, दार बंद केलं, आकडा हलायला लागला. परत उघडलं. शेवटी ते सगळं टाकून नव्याने वजन घ्यावं लागलं आणि पहिलं वजन का टाकलं याचं कारण लॉगबुकमध्ये लिहावं लागलं. तिचे हात थरथरत होते. ही मुलगी माझ्याकडची सगळ्यात स्वच्छ काम करणारी अ‍ॅनालिस्ट आहे.

यंत्रावर इंजेक्शन्सचा सीक्वेन्स लावला तरी तेच. स्टँडर्डची सहा इंजेक्शन्स, एकेकाचा रनटाइम चाळीस मिनिटं, म्हणजे सिस्टिम सुटेबिलिटी (यंत्रणा नीट चालतेय की नाही) कळायलाच चार तास. सरांना प्रत्येक इंजेक्शननंतर आलेखातल्या पीकचा एरिया कळवायचा. आरएसडी (आकड्यांमधला फरक किती टक्के ते) सहाही इंजेक्शन्स झाल्याशिवाय निघत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी लॅबमधला फोन वाजतोच. शिवाय एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर बॅलन्सच्या प्रिंटचे फोटो टाकायचे. आमच्या लॅबमध्ये मोबाईल नेता येत नाही. म्हणजे बाहेर या, अ‍ॅप्रन काढा, लॉकर उघडा, फोटो टाका, पुन्हा आत जा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वाटप बदलल्याने. सकाळी मी कामं वाटते. डिस्पॅचवाल्यांचा फोन आला की सर मला न सांगता थेट मुलांना सांगतात, "ते राहू दे, आधी ही बॅच घे." मुलं नाही कसं म्हणणार? संध्याकाळी मला कळतं की स्टेबिलिटीचे (औषध किती काळ टिकतं ते बघायचे) सॅम्पल तसेच पडून आहेत. त्यांची मुदत उलटली की डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत चूक झाल्याची नोंद) माझ्या सेक्शनवर.

सर वाईट नाहीत. ओरडत नाहीत, कोणाचं श्रेय लाटत नाहीत. मला एचपीएलसी त्यांनीच शिकवलं. प्रेशरच्या ग्राफवरून पंपात बबल आहे की कॉलम चोक झालाय हे सांगणारा माणूस आहे. मागच्या एका ऑडिटमध्ये लॅबवर ऑब्झर्वेशन (त्रुटीचा शेरा) आलं, वरून बरंच ऐकावं लागलं, आणि तेव्हापासून हे सुरू झालं. मी एकदा बोलले. ते म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे हो, पण उत्तर मला द्यावं लागतं." ते खरंही आहे, त्यामुळे पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

मला खरी भीती कशाची वाटते ते सांगते. मुलांनी डोकं चालवणं सोडलंय. पीक टेलिंग (आलेखातलं टोक एका बाजूला ओढलं जाणं) दिसत असताना एक मुलगा सर येईपर्यंत नुसता बसून होता. आणि जी मुलं सतत मागे कोणीतरी उभं असल्यासारखी वागतात, ती उद्या ओओएस (मर्यादेबाहेरचा रिझल्ट) आला तर काय करतील? रिझल्ट बाहेर गेला तर सोल्यूशन फेकायचं नाही, तसंच ठेवून लगेच सांगायचं, हे मी त्यांच्या मनावर किती वेळा ठसवलंय. पण घाबरलेला माणूस आधी बेसिनकडे जातो. ज्या गोष्टीसाठी सर एवढा जीव काढतात, तीच गोष्ट यातून बिघडेल असं मला मनापासून वाटतं.

तर प्रश्न असे: "मला तपासणी नकोय" असा अर्थ न निघता हे सरांना कसं सांगू? क्यूएकडे (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स विभागाकडे) किंवा प्लँट हेडकडे जाऊ का? आणि असा बॉस नोकरी न सोडता कोणी बदललेला पाहिलाय का? मुलीची दहावी आहे, त्यामुळे नोकरी बदलायचा सल्ला सध्या नको.

प्रतिसाद

ताई, मी तारापूर आणि नंतर गोव्यात वेर्ण्याला क्यूसीत बरीच वर्षं काढून निवृत्त झालो. तुमच्या सरांना माहिती हवी आहे आणि ती वेळेवर मिळेल याची खात्री नाही, म्हणून ते विचारत सुटतात. लॅबच्या बाहेर एक व्हाइट बोर्ड लावा. एआर नंबर (सॅम्पलच्या तपासणीचा क्रमांक), इन्स्ट्रुमेंट, कोणाकडे आहे, रिझल्ट कधी अपेक्षित. अकरा वाजता आणि चार वाजता तुम्ही स्वतः अपडेट करा, आणि सरांना बोर्डापाशी बोलावून पाच मिनिटं बोला. वेळ एकदाही चुकवू नका. आठवडाभर फोन येतच राहतील, मग कमी होतील. अशी माणसं मी पाहिली आहेत, बहुतेक निवळतात.

प्रतिसाद

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे लॅबचं कळत नाही. पण बोर्डाबद्दल माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे असाच डॅशबोर्ड केला, तर मॅनेजर दिवसभर त्यावरच प्रश्न विचारायला लागले. आधी सरांना विचारा की त्यांना रात्री झोप न येऊ देणारी नेमकी दोन-तीन कामं कोणती. त्यांवर त्यांनी हवं तितकं लक्ष द्यावं. बाकीची तुमच्याकडे सोडवून घ्या, तेही सुरुवातीला एकच महिना. कायमचं मागितलं तर ते घाबरतील.

प्रतिसाद

मी क्यूएत आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. फोटोंचा ग्रुप ताबडतोब बंद व्हायला हवा. रॉ डेटाचे फोटो लोकांच्या खासगी मोबाईलवर असणं हे इन्स्पेक्टरला कसं दिसेल, याचा विचार करा. पण आमच्याकडे थेट ईमेल करू नका. आधी सरांशी एकट्यात बोला: "सर, ऑडिटमध्ये हे कोणी विचारलं तर आपण काय सांगायचं?" त्यांना ऑब्झर्वेशनची धास्ती आहे, ते लगेच समजतील.

दुसरं म्हणजे डेव्हिएशन. रूट कॉजमध्ये तुम्ही काय लिहिता? "अ‍ॅनालिस्टचं दुर्लक्ष, पुन्हा ट्रेनिंग दिलं" असं लिहीत असाल तर थांबवा. ते खरं नाही आणि मुलांवर अन्याय आहे. प्राधान्यक्रम बदलल्यामुळे सॅम्पल राहिले, असं सरळ लिहा. आणि प्लॅनिंग शीटमध्ये एक रकाना वाढवा: बदल कोणी सांगितला, किती वाजता, त्यामुळे कोणतं काम मागे गेलं. सरांनाच सही करायला द्या. स्टेबिलिटीचे सॅम्पल मागे गेले असं डोळ्यांसमोर लिहिलेलं असलं की सही करताना माणूस विचार करतो.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. रकान्याची कल्पना फार आवडली, कारण त्यात वाद घालावा लागत नाही, आणि आमच्या पद्धतीत ती सहज बसते. फोटोंचं उद्याच सरांशी बोलते. बोर्डही लावते, पण दोन-तीन कामांचं आधी विचारून मग. मी आजवर फक्त माझ्या सेक्शनच्या बाजूनेच विचार करत होते. त्यांना नेमकी कोणती भीती आहे हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

एक राहिलंच. सरांनी मुलांना थेट सांगितलं तर मुलांनी त्या क्षणी काय म्हणायचं? मी "आधी मला विचारा" म्हटलं तर ती दोघांच्या मधे सापडतात.

प्रतिसाद (वेर्ण्याचे)

त्यांना एकच वाक्य शिकवा: "हो सर, मॅडमकडून शीटवर बदल करून घेते आणि लगेच लावते." यात नकार नाही आणि तुम्हालाही त्याच मिनिटाला कळतं. पण मूल तुमच्याकडे आलं की त्याला उभं ठेवू नका, हातातलं काम सोडून लगेच नोंद करा. बॅच खरोखरच तातडीची असेल तर सरांचं ऐका आणि स्टेबिलिटीसाठी त्याच वेळी दुसरं इन्स्ट्रुमेंट किंवा दुसरी शिफ्ट मागून घ्या. आणि वजन घेताना मागे उभं राहण्याबद्दल मुलीला बोलायला लावू नका. ते तुम्हीच बोला, तेही तुम्हाला शिकवलेल्या माणसाशी बोलतो तसं. "सर, तुम्हीच शिकवलंत की बॅलन्सपाशी कोणी बोलायचं नाही."