मदत हवी आहे: पार्मेनिडीजचं 'आहे' मराठीत कसं समजावू?

नमस्कार, मी टीवायबीएला आहे, तत्त्वज्ञान घेतलंय, या सेमला ग्रीक तत्त्वज्ञानाचा पेपर आहे आणि पुढच्या गुरुवारी वर्गात पार्मेनिडीजवर वीस मिनिटं बोलायचंय. मॅडम म्हणाल्या मराठीतच बोल, म्हणजे तुला कळलंय की नुसतं पाठ झालंय ते तुझं तुलाच समजेल. तिथंच अडकलेय.

मायलेटस या ग्रीक शहरातले सुरुवातीचे तत्त्वज्ञ मला खूप आवडले. थेलीस म्हणतो सगळ्याच्या मुळाशी पाणी, ॲनॅक्झिमिनीज म्हणतो हवा, ती दाटत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड आणि विरळ झाली की आग, हे मी घरी आईला सांगितलं तर तिलाही लगेच पटलं. हेराक्लायटसची नदीही समजली, त्याच नदीत उतरलं तरी अंगावर येणारं पाणी दरवेळी वेगळं.

आणि मग दक्षिण इटलीतल्या एलियाचा हा पार्मेनिडीज म्हणतो बदल होतच नाही! त्याच्या कवितेत एक देवी त्याला सांगते की 'आहे' हा एकच खरा रस्ता, 'नाही' हे ना जाणता येतं ना बोलून दाखवता येतं, मग नवीन काही जन्मायचं तर ते 'नाही'तून यायला हवं आणि 'नाही' तर नाहीच. वाचताना पटतं, पण बोलायला लागले की माझे शब्दच घसरतात. ग्रीकमधे नुसतं 'एस्ती' म्हणजे 'आहे', कर्ताच नाही. मी कर्ता काय घालू? आणि हे 'देव आहे' मधलं आहे की 'पाणी थंड आहे' मधलं? 'सत् आहे' म्हटलं तर मैत्रीण म्हणते मग हे गीतेतलं 'नासतो विद्यते भावो'च झालं, म्हणजे जे नाही ते कधी असू शकत नाही, पार्मेनिडीज म्हणजे ग्रीकांचे शंकराचार्य. मला हे पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाही. कोणी शिकवलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
कर्ता घालूच नका. फळ्यावर नुसतं 'आहे' लिहा. आपल्याकडे कोणी दारातून 'आहे का?' विचारलं आणि आतून 'आहे' आलं तर कर्त्यावाचून काही अडत नाही, वर्गाला ते कानानेच कळेल. मग खाली दोन वाक्यं लिहा, 'काल घरात पाणी होतं' आणि 'बर्फाचं पाणी होतं'. एकच 'होतं', पण पहिल्यात गेलेला काळ आणि दुसऱ्यात बदल. पार्मेनिडीजला दोन्ही नकोत. त्याच्या कवितेचे तुकडेच उरलेत, त्यातल्या आठव्यात तो म्हणतो की ते कधी 'होतं' असं नाही, पुढे 'असेल' असंही नाही, कारण ते आत्ता सगळं एकत्र आहे. लगेच पुढे विचारतो, शून्यातून निघायचं तर आधी का नाही, नंतर का नाही, त्याच क्षणी का? हा प्रश्न वर्गाला विचारून थोडा वेळ गप्प बसा, मी तसंच करायचो. हा तुकडा हातात आहे तो इसवी सनाच्या सहाव्या शतकातल्या सिम्प्लिशियस या भाष्यकारामुळे, मूळ पुस्तक दुर्मीळ झालं होतं म्हणून त्याने तो लांबलचक उतरवून ठेवला, हे नक्की सांगा.

शंकराचार्यांचं म्हणाल तर याच तुकड्यात 'आहे'ला मर्यादा आहे, सगळीकडून सारख्या गोल चेंडूसारखं ते पूर्ण आहे. अद्वैतातलं ब्रह्म अनंत. शिवाय तिथं जाणणारा आत्माच ब्रह्म आहे, त्यातून मोक्ष येतो, यातलं पार्मेनिडीजकडे काही नाही. साम्य दाखवा, पण तिथं थांबू नका.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, 'होतं'वालं वाचून मी वहीत तीनदा लिहून काढलं! अजून एक विचारते. एम्पेडोक्लीज हा पार्मेनिडीजनंतरचा ग्रीक तत्त्वज्ञ माती, पाणी, हवा, अग्नी अशी चार मुळं मानतो, ती जन्मत नाहीत मरत नाहीत, फक्त मिसळतात आणि सुटी होतात. मग त्याने पार्मेनिडीजचं ऐकलं म्हणायचं की मोडलं? कारण मिसळणं हाही बदलच ना?