बाळ ठणठणीत आहे, मग वजन नक्की किती दिवसांनी करायचं?

चिऊची_आई
मुलगी अकरा आठवड्यांची आहे, पूर्ण दिवसांची, जन्मवजन २.९ किलो, फक्त अंगावर पिते. हसते, हुंकार देते, रडली तर शेजारपाजारच्यांना कळतं, म्हणजे एकंदर तब्येत उत्तम. मागच्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी पण बघून सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं. पण आता झालंय काय, एका नातेवाइकांनी बाळाचा डिजिटल वजनकाटा भेट दिला आणि तेव्हापासून घरात रोज वजन चालू झालंय, नवरा मोबाईलमध्ये लिहून ठेवतो आणि आकडा वाढला की सगळे खुश, कमी दिसला की सगळे माझ्याकडे बघतात, दूध पुरत नाही का, वरचं सुरू करायचं का, वगैरे वगैरे. काल तर एका दिवसात ८० ग्रॅम कमी दाखवलं आणि मला रात्रभर झोप नाही. नणंदेचं बाळ हिच्यापेक्षा दोन आठवड्यांनी लहान आहे आणि हिच्याहून गुटगुटीत दिसतं, त्यामुळे ती पण तुलना आहेच. तर प्रश्न असा की बाळ निरोगी असेल तर वजन रोज, आठवड्याला की महिन्याला करायचं? आणि ८० ग्रॅम कमी होणं खरंच काळजीचं आहे का?

दोन_पोरांची_आई
अगं रोज अजिबात नको. महिन्यातून एकदा बास झालं. मोठ्याचं वजन फक्त दवाखान्यात व्हायचं, धाकटीचं पण तसंच, दोघं मस्त वाढली. रोज करून हाती काय लागतं तर टेन्शन, आणि टेन्शनमध्ये पाजायला बसलं की आपलेच खांदे आखडतात, बाळ पण चिडचिड करतं. तो काटा उचल आणि माळ्यावर टाक.

काटेकोर
८० ग्रॅमचं सांगतो कारण वजनकाटे दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे. तीन महिन्यांच्या आतलं बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. आता एकदा पोटभर दूध प्यायलं की तेच बाळ ८०-१०० ग्रॅमने जड होणार, कारण पोटात गेलेल्या दुधाचं वजन कुठे जाईल. भरलेला डायपर आणि कोरडा डायपर यातही सहज तेवढा फरक पडतो. म्हणजे तुम्ही शोधताय २०-३० ग्रॅम आणि दूध, शू, शी, कपडे यांनी आकडा हलतोय त्याच्या तिप्पट-चौपट, मग त्यात खरी वाढ दिसणार कशी? काट्याची चूक नाही, त्याला एका दिवसाचं विचारलं म्हणून त्याने एका दिवसाचं सांगितलं. चार आठवड्यांनी बघा, तोवर खरी वाढ ६००-८०० ग्रॅमच्या घरात गेलेली असते, तिच्यापुढे एका डायपरची काय मातब्बरी.

आणि मोजायचंच तर नीट मोजा. काटा गादीवर, सतरंजीवर ठेवायचा नाही, कडक सपाट फरशीवर ठेवायचा. अंथरायचं दुपटं आधी काट्यावर टाकून शून्य करायचं आणि मग बाळ ठेवायचं. बाळ उघडं, डायपर पण काढायचा, अगदीच नको वाटलं तर दरवेळी कोरडा नवा डायपर. दरवेळी दूध पाजायच्या आधी. आणि काटा एकच! दवाखान्यातला आकडा आणि घरचा आकडा एकमेकांतून वजा करायचे नाहीत, दोन काट्यांत ५०-१०० ग्रॅमचा फरक असू शकतो. बाळाला कडेवर घेऊन मोठ्यांच्या काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं हा प्रकार तर नकोच, ते काटे बहुतेक १०० ग्रॅमच्या टप्प्यात दाखवतात.

चिऊची_आई
बापरे, आमचा काटा पलंगावरच असतो 🙈 आणि वजन कधी प्यायच्या आधी, कधी नंतर, जसं जमेल तसं. पण मग महिन्यातून एकदाच बघितलं आणि मधे काही बिनसलं तर कळणार कसं?

वॉर्डातली_ताई
लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून थोडं लांबण लावते. मधे बिनसलं तर ते वजनाच्या आधी बाळ सांगतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त डायपर चांगले ओले होत असतील, शू फिक्कट रंगाची असेल, पिताना गिळल्याचा आवाज येत असेल, पिऊन झाल्यावर हाताच्या मुठी सैल पडत असतील, जागं असताना टकमक बघत असेल तर दूध पोचतंय. याउलट ओले डायपर एकदम कमी झाले, बाळ मलूल पडलं, पाजायला उठवावं लागतंय, टाळू खोल गेली, सारख्या जोरात उलट्या, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सिअस किंवा वर ताप, तर काट्यापाशी जाऊच नका, सरळ डॉक्टरकडे. त्या वेळी वजन वाढलेलं दिसलं म्हणून घरी थांबलेले पालक मी बघितलेत.

आता किती वेळा ते. पहिले दोन आठवडे वेगळे असतात. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं, सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं, दहाच्या वर गेलं तर आम्ही पाजणं नीट बसून बघतो. मग बहुतेक बाळं दोन आठवड्यांपर्यंत जन्मवजनावर परत येतात, काहींना तिसरा आठवडा लागतो. त्यामुळे तेव्हा दोन-तीनदा वजन होतं ते बरोबरच आहे. एकदा ते जन्मवजन गाठलं आणि बाळ निरोगी असलं की मग घाई संपली. ब्रिटनच्या एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेचा, सल्ला तर असा आहे की सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदाच, सहा ते बारा महिने दोन महिन्यांतून एकदा, आणि वर्षानंतर तीन महिन्यांतून एकदा, काही तक्रार नसेल तर याच्यापेक्षा जास्त वेळा नाही. काही ठिकाणी पुढेही दर महिन्याला करतात, तेही चालतं. पण निरोगी बाळाचं रोज करा असं कुणी सांगत नाही.

आणि एकटा आकडा बघू नका, वयानुसार वाढ दाखवणाऱ्या चार्टवर टाका. जागतिक आरोग्य संघटनेचे चार्ट २००६ मध्ये आले, ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या अंगावर पिणाऱ्या बाळांवरून बनवलेत. त्यावर ३, १५, ५०, ८५, ९७ अशा रेषा असतात. १५ वर असणं म्हणजे शंभरात पंधरा मार्क नव्हेत! तेवढ्याच वयाच्या शंभर निरोगी बाळांत पंधराएक बाळं हिच्यापेक्षा हलकी, बाकीची जड, एवढाच अर्थ. कुणीतरी तिथे असणारच की. बाळ आपल्या रेषेच्या आसपास चालतंय ना ते बघायचं, आणि सोबत लांबी आणि डोक्याचा घेर पण. दोन रेषा ओलांडून खाली घसरलं किंवा महिनाभर जागेवरच थांबलं तर दाखवायचं.

पिल्लूचा_बाबा
सगळे माळ्यावर टाका म्हणताय पण एक बाजू मांडतो. आमचा मुलगा सात आठवडे आधी झाला आणि त्याचं वजन आम्ही बरेच दिवस दर आठवड्याला करत होतो, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि त्याच्यावरूनच दुधाचं प्रमाण ठरायचं. तेव्हा कुणी मला म्हणालं असतं की काटा बाजूला ठेव तर मी ऐकलं नसतं. त्यामुळे महिन्याला एकदा हे सगळ्यांना सरसकट लावू नका प्लीज. वेळेआधी झालेलं, जन्मवजन कमी असलेलं, हृदयाचा वगैरे त्रास असलेलं, किंवा दोन आठवडे होऊन गेले तरी जन्मवजन न गाठलेलं बाळ असेल तर जास्त वेळा वजन लागतं. आणि चार्टवर टाकताना वय पण सुधारून धरायचं, म्हणजे किती आठवडे आधी झालं तेवढे वजा करून, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. हे सुरुवातीला आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

वॉर्डातली_ताई
दादा बरोबर आहे तुमचं, म्हणून मी निरोगी आणि पूर्ण दिवसांचं असं म्हणत होते. एक जोडते, अशा बाळांच्या बाबतीतही किती दिवसांनी ते डॉक्टर ठरवतात आणि ते बहुतेक आठवड्याचं असतं, घरी रोज क्वचितच. पाजायच्या आधी आणि नंतर वजन करून किती दूध प्यायलं ते काढतात तो प्रकार पण असतो, पण तो सांगितला तरच आणि चांगल्या काट्यावर. एका वेळेला बाळ कमी पितं, दुसऱ्या वेळेला जास्त, त्यामुळे घरी एकदा करून बघितलं आणि ४० ग्रॅमच आलं म्हणून दूध आटलं असं नसतं गं.

चिऊची_आई
हे वाचून फाईल काढून बसले. दवाखान्यातले आकडे असे: जन्म २.९, चौथ्या दिवशी २.७, दोन आठवड्यांना २.९५, सहा आठवड्यांना ३.९, दहा आठवड्यांना ४.७. आणि घरचे या आठवड्यातले ४.७२, ४.७८, ४.७०, ४.८०. ते ८० ग्रॅम कमी म्हणजे हेच, ४.७८ वरून ४.७०. डायपर ओले सात-आठ तरी होतात. यात काही गडबड वाटते का?

काटेकोर
हिशोब करून टाकतो. दोन ते सहा आठवडे, २८ दिवसांत ९५० ग्रॅम, दिवसाला ३४ च्या आसपास. सहा ते दहा, २८ दिवसांत ८००, म्हणजे जवळपास २९. आता घरचे चार आकडे बघा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात १०० ग्रॅम, म्हणजे एका पाजण्याएवढं. दवाखान्यातली ओळ सरळ वर चाललीये आणि पलंगावरचा काटा पलंगाचं पण थोडंफार मोजतोय 😄

वॉर्डातली_ताई
चौथ्या दिवसाची घट सात टक्क्यांच्या आत, दोन आठवड्यांना जन्मवजनाच्या पुढे. मुलींच्या चार्टवर २.९ म्हणजे १५ च्या रेषेच्या जरा वर आणि दहा आठवड्यांना ४.७ म्हणजे १५ च्या रेषेपाशीच, मुलगी आपल्या रेषेला धरून आहे. वरचं दूध सुरू करण्यासारखं या आकड्यांत मला काही दिसत नाही. उगाच वरचं सुरू केलं की बाळ अंगावर कमी ओढतं आणि मग दूध खरंच कमी व्हायला लागतं, म्हणजे नव्हती ती अडचण आपणच आणली. पुढच्या वेळी डॉक्टरांना चार्ट दाखवून त्यांच्या तोंडून घरच्यांसमोर ऐकवा, सुनेचं ऐकत नाहीत पण डॉक्टरांचं ऐकतात.

एक आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढे पुन्हा धास्ती नको. तीन महिन्यांनंतर वेग आपोआप कमी होतो, आठवड्याला १००-१५० ग्रॅम, आणि सहा महिन्यांनंतर त्याहूनही कमी. रांगायला लागली की अजून. अंगावरची बाळं पहिले दोन-तीन महिने भराभर बाळसं धरतात आणि नंतर वरच्या दुधावरच्या बाळांपेक्षा हळू वाढतात, त्यामुळे नणंदेच्या बाळाशी तुलना तेव्हा आणखी रंगेल. ढोबळमानाने पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट.

दोन_पोरांची_आई
आणि गुटगुटीतचं काय, नणंद-नणदोई दोघं धिप्पाड असतील तर त्यांचं बाळ तसंच होणार ना. तुम्ही दोघं कसे आहात तेही बघा की.

चिऊची_आई
आम्ही दोघंही काड्या आहोत 😂 नवऱ्याला सगळं वाचायला दिलं, तो म्हणतो मग महिन्यातून एकदा एक तारीख ठरवू. शेवटचं विचारते, सर्दी-तापात बाळ नीट प्यायलं नाही आणि नेमकं त्याच वेळी वजनाची तारीख आली तर?

वॉर्डातली_ताई
पुढे ढकला. आजारपणात थोडं उतरतं किंवा थांबतं, बरं झाल्यावर भूक वाढते आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक भरून निघतं. तेव्हा करा. आजारी असताना डॉक्टरकडे न्याल तेव्हा औषधाच्या डोससाठी ते वजन करतीलच, तो आकडा चार्टवर टाकला तर बाजूला 'आजारी' असं लिहून ठेवा.