१९७४ ची लॅम्ब्रेटा गरम झाली की बंद पडते. आधी रोग शोधू की सरळ १२ व्होल्ट करू? मदत हवी आहे

वऱ्हाडी_बोंडअळी

नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. वडिलांची लॅम्ब्रेटा आहे, ली १५० सिरीज २, मुंबईच्या एपीआयनं (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) बनवलेली, आरसीवर साल १९७४. वडील तिला आजही 'इटलीची गाडी' म्हणतात. आराखडा मिलानच्या इनोसेंतीचा, हे खरंच. तिकडं ही सिरीज १९६०च्या आसपासची. आपल्याकडं एपीआयवाले तोच साचा पुढं कितीतरी वर्षं काढत राहिले. हेडलाइट हँडलवर आहे, म्हणजे सिरीज १ नाही, आणि अंगानं जाड आहे, म्हणजे ३ पण नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रतिसाद 'फोटो टाका, विजय सुपर असेल' असा येतो.

वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते. बदली होईल तिथं हीच गाडी. पुढं चेतक आली आणि ही कोठ्यात गेली, कडब्याच्या बाजूला. मागच्या हिवाळ्यात बाहेर काढली. बोअर केला, पिस्टन-रिंगा नव्या, टाकी आतून गंजली होती ती खडे टाकून हलवून धुतली, पेट्रोलचा पाइप आणि कॉक बदलला. कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला. गाडी सुरू झाली तेव्हा वडील खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसले, बोलले काही नाही.

आता दुखणं. सकाळी दुसऱ्या किकला सुरू. गावाबाहेर निघालो की आठ-दहा किलोमीटर तक्रार नाही. मग चढ आला की अडखळते, सायलेन्सरमध्ये एखादा फटाका, आणि बंद. त्यानंतर किक मारून पाय दुखतो पण गाडी ऐकत नाही. कडुलिंबाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा पहिल्यासारखी. थंडीत हे क्वचित व्हायचं. आता पारा ४३ वर आहे, तर रोजचंच होऊन राहिलं.

एवढं पाहून झालं: बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं, फरक नाही. प्लग नवा. थ्रॉटल सोडला की इंजिन लगेच खाली येतं, रेस धरून राहत नाही. तेल लिटरला ४० मिली, म्हणजे २५ ला १. पेट्रोल आमच्या पंपावर ई२०च (२० टक्के इथेनॉलवालं) मिळतं, दुसरा पर्याय नाही.

गावातला मिस्त्री म्हणतो, 'भौ, पॉइंट-कंडेन्सरच्या नादी लागू नका, १२ व्होल्टचं सीडीआय किट टाका, विषय संपला.' (पॉइंट-कंडेन्सर म्हणजे प्लगची ठिणगी पाडणारे जुने भाग, सीडीआय म्हणजे तेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक किट.) मलाही ते हवंच आहे, पण कारण वेगळं. रात्री वावरात जावं लागतं, ओलिताची लाइट कधी येईल त्याचा नेम नाही. ६ व्होल्टच्या दिव्यात रोही (नीलगाय) आडवी आली तर ती हँडलला लागल्यावरच दिसते. शिवाय दोन सुट्या गाद्यांऐवजी एक लांब सीट, मागं फवारणीचा पंप बसेल असा कॅरिअर, आणि जमलं तर पुढं डिस्क ब्रेक. वडिलांचं म्हणणं एकच: पन्नास वर्षं झाली, आता तिला व्हिंटेजचा नंबर मिळतो, काही बदलू नको.

तर प्रश्न असा की किट टाकलं म्हणजे गरम होऊन बंद पडणं जाईल का? का हे दोन वेगळे आजार आहेत? पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, म्हणून विचारून राहिलो.

टूस्ट्रोक_काका

पैसे खिशातच ठेवा, आधी रोग ओळखा. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या टू-स्ट्रोकचे तीन संशयित: करंट, पेट्रोल, हवा. कोणता ते बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत कळतं. अर्ध्या तासानं गॅरेजला नेलीत तर पुरावा थंड झालेला असतो आणि मिस्त्री म्हणतो 'गाडी तर मस्त आहे.'

प्लगपाना आणि एक फालतू प्लग खिशात घेऊन निघा. बंद पडली की तिथंच प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, करंट नाही. कोरडा असेल तर उलट. मग फालतू प्लग कॅपला लावून इंजिनच्या धातूला टेकवा आणि किक मारा. निळसर, टणक ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मध्येच गायब होणारी दिसली तर कंडेन्सर किंवा कॉइल. कंडेन्सर मॅग्नेटच्या (करंट तयार करणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) आत, इंजिनच्या अंगाला बसलेला असतो. गरम झाला की दगा देतो, थंड झाला की सज्जन. तुम्ही सांगितलेली लक्षणं ऐंशी टक्के तीच वाटतात.

रेस धरून राहत नाही म्हणालात ते बरं झालं. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलं असतं तर फालतू हवा आत येऊन रेस वर राहिली असती. ते या गाड्यांचं दुसरं लाडकं दुखणं. तशी हवा ओढत गाडी पळवली की पिस्टन चिकटतो, आणि तुमचा तर आत्ताच बोअर झालाय.

मेळघाट_रायडर

काकांना दुजोरा. पण एक विचारतो: इंजिनवरचं पत्र्याचं आवरण आहे ना? सिलिंडर आणि हेड झाकणारं? लॅम्ब्रेटाला समोरून वारा लागत नाही, इंजिन झाकणांच्या आत असतं. मॅग्नेटला पंख्याची पाती असतात, तीच हवा त्या पत्र्यातून फिन्सवर (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) जाते. खेडेगावात बरेच मिस्त्री 'हवा लागू द्या' म्हणून तो पत्रा काढून ठेवतात. मग पंख्याची हवा भलतीकडेच जाते आणि हेड भाजून निघतं.

पत्रा असेल तरी काढून आत बघा. कापसाच्या घरात ठेवलेली गाडी, फिन्समध्ये रुई भरलेली असणार. कुंभारीण माशीला अशा जागा फार आवडतात, मातीचं अख्खं घर करून ठेवते.

टूस्ट्रोक_काका

वा, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोठा, कडबा, कापूस. बरोबर.

ई२० बद्दल राहिलं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, निव्वळ इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे त्याच जेटमधून (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) ई२० गेलं की मिश्रण आपोआप पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी, आणि पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. नव्या गाडीचं इंजेक्शन सेन्सर बघून सांभाळून घेतं, तुमच्या कार्बोरेटरला डोळे नाहीत. मेन जेट एक माप मोठा घालून बघा. सपाट रस्त्यावर थ्रॉटल पूर्ण उघडून थोडं पळवा, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करा आणि प्लग पाहा. पांढरट असेल तर अजून पातळ, तपकिरी असेल तर ठीक. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करा. तेल जेएएसओ एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ स्वस्त मिळालं तरी नको, ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं.

खामगावकर_कागदपत्रे

मशीनमधलं मला कळत नाही, पण व्हिंटेजचं सांगतो, कारण तुमच्या वडिलांचा गैरसमज होऊन राहिला. २०२१च्या नियमात पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात असलेली आणि फारसे फेरबदल न झालेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुढचं नूतनीकरण ५,०००. पण ती गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. वावरात फवारणीचा पंप घेऊन जाणं त्यात बसत नाही.

म्हणून पहिला निर्णय किट का पॉइंट हा नाहीच. गाडी कामाची ठेवायची का मानाची, हे आधी वडिलांसोबत बसून ठरवा. कामाची असेल तर आहे तीच नोंदणी नूतनीकरण करत राहा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला केंद्राची फी २,००० रुपये आहे, वर राज्याचा पर्यावरण कर. सीट, कॅरिअर, दिवे यांनी एरवी कोणी अडवत नाही, पण आरसीवर जे लिहिलंय ते बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. रंगसुद्धा त्यातच आला.

मेळघाट_रायडर

डिस्कचं डोक्यातून काढा. पुढच्या डिस्कचा मान इनोसेंतीचाच, १९६२च्या टीव्ही १७५ ला त्यांनी दिली होती. पण तुमच्या फोर्कला ती बसवायची म्हणजे अख्खा पुढा बदलणं आला. नवे लायनर, नवी वायर आणि ड्रम साफ, एवढ्यावर ही गाडी तिच्या चालीला पुरेशी थांबते. आणि टायर स्वतः खोलणार असाल तर एक ऐका: रिम दोन तुकड्यांची आहे, नटांनी जोडलेली. आधी हवा पूर्ण सोडा, मगच नटाला पाना लावा. हवा असताना चुकीचे नट सोडले की रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो.

सीट खुशाल बदला, जुन्या गाद्या गुंडाळून ठेवा.

वऱ्हाडी_बोंडअळी

सगळ्यांचे आभार. काल दुपारी मुद्दाम उन्हात काढली. आर्णी रोडवर नेहमीच्या चढाला बंद. तिथंच प्लग काढला, ओला होता. फालतू प्लगला करंट पिवळा, दोन किकनंतर तोही नाही. रस्त्यानं जाणारे दोघं थांबून विचारत होते, 'पेट्रोल संपलं का?'

घरी येऊन पंख्याचं झाकण काढलं आणि मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट पाहिले. तोंडं जळून काळी, एका बाजूला टेंगूळ, दुसऱ्या बाजूला खड्डा. गॅप ०.३५ ते ०.४५ मिमी हवी असं वडिलांच्या जुन्या पुस्तिकेत आहे, इथं फिलर गेजचं ०.२०चं पातंही ओढून न्यावं लागलं. पत्रा होता, पण आत काय होतं ते रायडरभाऊंना दिसत असावं: रुईचा गादीसारखा थर आणि मातीची तीन घरं. सगळं सुळईनं काढलं.

वडिलांना व्हिंटेजचा नियम वाचून दाखवला. रोज चालवता येत नाही म्हटल्यावर म्हणाले, 'मग तो नंबर कोणाला दाखवायचा?' म्हणजे गाडी कामाचीच राहणार. सीट आणि कॅरिअरला होकार, रंगाला नकार.

आता कंडेन्सर आणि पॉइंट बदलायला मॅग्नेट काढावा लागेल. इथल्या दोन्ही गॅरेजकडचा पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं अवजार) चेतकचा आहे, तो बसत नाही. मिस्त्री म्हणतो हातोड्यानं हलक्या हातानं काढून देतो. देऊ का?

टूस्ट्रोक_काका

अजिबात नाही! क्रँक वाकेल, मॅग्नेटची ताकद जाईल आणि बोअरचे पैसे वाया. पुलरच हवा. नवा कंडेन्सर मॅग्नेटच्या आत बसवू नका. वायर लांबवून बाहेर, इंजिनपासून दूर चेसिसला घट्ट आवळा, उष्णतेपासून लांब राहील. अर्थ चांगला मिळतोय ना ते बघा, रंगावर आवळू नका.

१२ व्होल्टचं किट पुढच्या हंगामात घ्या. त्यात पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही जातात, मिस्त्री त्या बाबतीत चुकीचा नव्हता. फक्त मागवताना क्रँकचा टेपर, म्हणजे मॅग्नेट बसतो ते निमुळतं टोक, सांगा. ली चा लहान, जीपीचा (लॅम्ब्रेटाचंच नंतरचं मॉडेल) मोठा, आणि बरेच दुकानदार जीपीचंच किट पाठवतात. जुना मॅग्नेट आणि प्लेट भंगारात घालू नका.

आर्वीचा_पाना

पुलर माझ्याकडे आहे, आर्वीला, एपीआयच्याच गाडीसाठी घेतलेला. एसटीच्या पार्सलनं पाठवतो, काम झालं की तसाच परत करा. त्याआधी मॅग्नेटच्या मध्यभागी ज्या आट्या आहेत त्यांचा फोटो आणि व्यास टाका, मॅग्नेट मधे कधी बदललेला असेल तर माप वेगळं येतं. आणि मॅग्नेट सुटला की शाफ्टवरची अर्धचंद्र चावी लगेच शोधून ठेवा. ती चुंबकाला चिकटून निघते, तशीच आत राहिली तर गाडी पुन्हा जोडताना मॅग्नेट बसत नाही आणि माणूस ठोकायला लागतो.