आइसब्रेकरचं मॉडेल टाकीत टेस्ट करताना बर्फ कुठला घेतात?

गलबत९१: जहाजाचं मॉडेल पाण्याच्या टाकीत ओढून रेझिस्टन्स (पुढे जाताना होणारा विरोध) काढतात हे कॉलेजात शिकलोय, मॉडेलचा वेग किती ठेवायचा ते सांगणारा फ्रूडचा नियमही माहितीये. पण आइसब्रेकरचं, म्हणजे बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजाचं काय? समजा १:२५ चं मॉडेल केलं आणि १ मीटरऐवजी ४ सेंमी बर्फ जमवला तर पुरे का? एवढ्याशा मॉडेलला साधा बर्फ फुटेल असं वाटत नाही.

वल्हेकरी: नाहीच फुटणार, आणि सगळी मेहनत तिथेच आहे. जाडी २५ पट कमी केली की बर्फाची ताकदही २५ पट कमी लागते, म्हणजे समुद्रातला बर्फ वाकून मोडायला ढोबळ ५०० किलोपास्कल (दाबाचं एकक) धरले तर टाकीतला २० लाच मोडायला हवा. फ्रूडच्या नियमाने वेग ५ पट (२५ चं वर्गमूळ) कमी, बल १५,६२५ पट (२५ चा घन) कमी. मग मीठ, युरिया नाहीतर इथेनॉल घातलेलं पाणी गोठवतात, आधी थंड हवेत बारीक फवारा मारतात म्हणजे स्फटिक लहान राहतात, आणि टेस्टआधी हवा गरम करून बर्फ हवा तेवढा कमजोर करत आणतात. टाकीतच बर्फाची जीभ, म्हणजे तीन बाजूंनी सुटी केलेली पट्टी कापून, दाबून, मोडून ताकद मोजतात. ती सतत उतरत असते त्यामुळे आकडा जुळला की लगेच मॉडेल सोडायचं!

उत्तरवारा: पहिली आइस टँक १९५५ ची, लेनिनग्राडला. हेलसिंकीत १९६९ ला आर्क्टिकच्या बर्फातून न्यायच्या मॅनहॅटन नावाच्या टँकरच्या (तेलवाहू जहाजाच्या) निमित्ताने चक्क बॉम्ब शेल्टरमध्ये टाकी बांधली होती. बर्फात उलटं, मागचा भाग पुढे करून जाणारी जहाजंही फिनलंडमध्ये अशाच टेस्ट करत पुढे आली, २००२ चा टेम्पेरा टँकर त्यातलाच, मला तर हे फार भारी काम वाटतं.

गलबत९१: मग या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का?

वल्हेकरी: नाही हो. ताकद कमी करताना कडकपणा (न वाकता ताठ राहण्याचा गुण) त्याहून जास्त उतरतो, मग बर्फ मोडण्याआधी नको तेवढा वाकतो. शिवाय हलला (जहाजाच्या बाहेरच्या कवचाला) मारलेल्या रंगाचं घर्षणही जुळायला लागतं. म्हणून एक रन अखंड बर्फात आणि एक आधीच करवतीने कापून ठेवलेल्या बर्फात घेतात. दुसऱ्यात फोडायला बल जवळजवळ लागत नाही, तुकडे बाजूला सारणं आणि हलखाली दाबणं एवढंच उरतं. दोन्हींतला फरक म्हणजे फोडण्याचा रेझिस्टन्स, ताकद थोडी चुकली असली तर करेक्शन फक्त त्याला लावायचं.