'अप'मधला दवाखान्याचा सीन लहान मुलीला कसा समजवावा?

मंडळी, मदत हवी आहे. लेक सहा वर्षांची. तिला पिक्सारचा 'अप' (२००९) हा ॲनिमेशनपट दाखवला. सुरुवातीला कार्ल-एलीचा अख्खा संसार संवादाविना सरकतो, तिथेच घोडं अडलं. प्रवासासाठी साठवलेली नाण्यांची बरणी कधी पंक्चर टायर, कधी मोडलेला पाय, कधी छपरावर पडलेलं झाड यांपायी फुटते, ते तिला बरोब्बर कळलं. (आमच्या घरचीच गोष्ट!) एली शेवटी वारते, तेही सरळ सांगितलं. पण बाळाची खोली रंगवली आणि लगेच एली दवाखान्यात रडतेय, मग बाळ कुठे गेलं? "आलंच नाही" एवढं पुरे, की आणखी काही सांगावं? तुम्ही काय सांगितलंत? आणि पिक्सारचाच 'कोको' हा सिनेमा इतक्यात नकोच ना? त्यात पणजीला विस्मरण आहे, आमच्या आजींचंही तसंच सुरू झालंय.